उगवतीचं वारं

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. नुसतं 'कर्जतला निघालोय' म्हटलं, तर 'कुठल्या?' हा प्रश्न ठरलेला. लोकल जाते ते रायगडचं कर्जत. घाटाच्या पायथ्याशी वसलेलं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेणारं. दुसरं नगर जिल्ह्यातलं. जिल्हा सरकारी कागदावर अहिल्यानगर झाला असला, तरी एसटीच्या रांगेत अजून 'नगर'च आहे. हे कर्जत सीना आणि भीमेच्या मधल्या माळावरचं. दोन्ही गावांत सरळ रेषेत जेमतेम एकशेऐंशी किलोमीटर, अक्षांशही जवळपास एकच. तरी या कर्जतच्या वाट्याला येतो वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही मनात आलं तर. एका कर्जत तालुक्यात माथेरान आहे. दुसऱ्यात माळढोक पक्षी होता.

वाळवंट म्हणावं इतकं काही हे रान उजाड नाही. हवामानशास्त्राच्या वर्गवारीत ते 'उष्ण निमशुष्क' पट्ट्यात बसतं, म्हणजे वाळवंटाच्या अलीकडची पायरी. पण सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर या सहा आठवड्यांत या माळाचं आणि थेट राजस्थानच्या वाळवंटाचं एक नातं जुळतं. ते वाऱ्याचं असतं. बाहेरच्या माणसाला या दिवसांत फार काही घडताना दिसत नाही. ऊन असतं, एखादी संध्याकाळ गडगडाटाची, पहाट जरा गार. इथल्या शेतकऱ्याचं वर्ष मात्र याच सहा आठवड्यांत ठरतं.

आधी पावसाळ्यातल्या वाऱ्याचं. जून-जुलैत कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या माळावर उभं राहिलं की डोक्यावरची टोपी धरून ठेवावी लागते. मावळतीचं वारं दिवसरात्र घोंघावत असतं, ढगही भराभर पूर्वेकडे पळत असतात, पण खाली थेंब पडत नाही. कारण शाळेच्या भूगोलातलंच आहे. अरबी समुद्रावरून आलेला वारा आपलं पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिकामं करतो आणि घाट उतरताना कोरडा होऊन नगरच्या अंगणात येतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होत असतो, तेव्हा इथे पेरलेल्या बाजरीची पानं वाऱ्याने फाटत असतात. या कोरड्या वाऱ्याचा खरा फायदा उठवला तो पवनचक्क्यांनी. नगर तालुक्यात खांडक्याला आणि पारनेरमध्ये कवड्या डोंगरावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचे सुगीचे महिने म्हणजे जून ते ऑगस्ट. शेतकरी आभाळाकडे बघून हात चोळत बसलेला असतो, तेव्हा त्यांची पाती गरगरत असतात. वारा आणि पाऊस यांचं सख्य असतं, हा कोकणातला समज इथे चालत नाही. इथे वारं पडलं की पावसाची आशा वाटते.

आणि ते पडतं सप्टेंबरात. मावळतीच्या वाऱ्याचा जोर ओसरतो, दुपारी उकाडा वाढतो आणि बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत दख्खनवर येऊ लागतात. म्हणजे पाऊस येतो तो मागच्या दाराने, पूर्वेकडून. नगरचा दक्षिण भाग आणि सोलापूर या पट्ट्यात वर्षातला सगळ्यांत पावसाचा महिना सप्टेंबर. जुलै नव्हे. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत ज्याला कौतुकाने किंवा वैतागाने 'परतीचा पाऊस' म्हणतात, तो इथे मुख्य पाऊस असतो. उत्तरा आणि हस्त ही त्याची नक्षत्रं. सूर्य १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा नक्षत्रात जातो, २७च्या सुमारास हस्तात, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रात आणि २४च्या आसपास स्वातीत. हस्ताला कुणी हस्त म्हणत नाही. 'हत्ती' म्हणतात. हत्ती पडला का, हत्ती कोरडा गेला, अशी भाषा. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, गाढव, मोर वगैरे, आणि त्यावरून पाऊस किती याचे आडाखे पारावर आजही बांधले जातात. त्याला शास्त्राचा आधार नाही. मोबाइलवरच्या तीन-तीन अंदाजांशी पडताळा घेतानाही लोक वाहन विचारतातच.

हा पाऊस कसा येतो ते पाहण्यासारखं असतं. सकाळ निरभ्र, नऊलाच ऊन चटका देऊ लागतं. दुपारी दीड-दोनला पूर्वेला पांढरे ढग वर वर चढत जातात, चारपर्यंत त्यांचे तळ काळे होतात. मग हवा एकदम थांबते. झाडाचं पान हलत नाही. आणि पाऊस येण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी गार वाऱ्याचा लोट धुरळा उडवत येतो. ढगात थंड झालेली जड हवा खाली आदळून जमिनीवर चहूकडे पसरते, तिचा हा लोट. अंगाला बरा वाटतो, पण कापणीला आलेल्या बाजरीला तोच आडवी करतो. अर्ध्या तासात एका शिवारात ओढा वाहतो आणि शेजारच्या शिवारात मातीचा वासही येत नाही. पीकविम्याच्या भांडणांची निम्मी मुळं या अर्ध्या तासात आहेत. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या गावी, आणि पाऊस मंडळाची हद्द पाळत नाही.

मग एके दिवशी वारं फिरतं.

भारतीय हवामान विभागाच्या लेखी मोसमी पावसाची माघार पश्चिम राजस्थानातून सुरू होते. त्यासाठी निकष आहेत. १ सप्टेंबरनंतर सलग पाच दिवस पाऊस थांबलेला हवा, हवेच्या खालच्या थरात वाऱ्यांची घड्याळाच्या दिशेने फिरणारी जास्त दाबाची रचना तयार झालेली हवी आणि हवेतला ओलावा स्पष्टपणे कमी झालेला हवा. ही माघार सुरू होण्याची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरली जायची. १९७१ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासून २०२०मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. पुण्यातून मोसमी पाऊस निघून जाण्याची नवी सरासरी तारीख ९ ऑक्टोबर आहे. कर्जतही याच आठवड्यात मोकळं होतं. जैसलमेर-बिकानेरकडे जमलेली कोरडी हवा हळूहळू दक्षिणेकडे पसरत येते आणि वाऱ्याचं तोंड बदलतं. चार महिने मावळतीकडून वाहणारं वारं आता उत्तरेकडून, मग ईशान्येकडून आणि उगवतीकडून येऊ लागतं. जोर जूनच्या वाऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण कोरडेपणा असा, की ओठ फुटायला लागतात, वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडकडीत होतं आणि उडदाच्या वाळल्या शेंगा आपोआप तडकतात.

शहरात या दिवसांना 'ऑक्टोबर हीट' म्हणतात आणि पंखे वाढवतात. कर्जतला दुपारी तीच हीट असते, तापमान तिशीच्या वर सहज जातं. फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. हवेतली वाफ जमिनीची उष्णता रात्री धरून ठेवते. ती वाफच निघून गेल्यामुळे आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेलं रान उष्णता सरळ वर सोडून देतं. संध्याकाळी सात वाजता बंडीवर असलेला माणूस पहाटे चारला घोंगडी शोधतो. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातलं हे अंतर पावसाळ्यात जेमतेम असतं. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ते बारा-पंधरा अंशांवर जातं. वाळवंटात रात्री का गारठतात, त्याचं जे कारण, तेच इथलं. पुढे डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत नगरचं नाव वरचेवर येतं, त्याचीही सुरुवात इथेच होते.

पहाटेच्या या गारव्याबरोबर येतं दहिवर. पाऊस संपलेला, विहिरीला अजून हात लावायचा नाही, अशा दिवसांत पानांवर जमणारं हे पाणी कोरडवाहू शेतकऱ्याला फुकटचं मिळतं. दहिवर हवं, धुई नको. धुई पडली, आभाळ झाकोळून राहिलं की फुलावर आलेल्या तुरीत अळी शिरते, कांद्याच्या रोपाला करपा धरतो आणि ज्वारीवर मावा पडून पानं चिकट होतात. त्याला इथे 'चिकटा' म्हणतात. त्यामुळे ऑक्टोबरात दोन शेतकरी भेटले की पहिली चौकशी भावाची नसते, हवेची असते. 'हवा कशी हाय तुमच्याकडं?' याचा अर्थ आभाळ आहे की निवळलं, एवढाच.

या सगळ्याच्या मध्यभागी आहे रब्बीची ज्वारी. कर्जत तालुक्यात आता कुकडीच्या डाव्या कालव्याच्या आधाराने ऊस वाढला, साखर कारखाने आले, खरिपात सोयाबीन शिरलं. कुकडीचं पाणी जुन्नरकडच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांतून पारनेर, श्रीगोंदा ओलांडून इथवर येतं. म्हणजे कर्जत शेपटाकडे. 'आवर्तन कधी सुटणार' हा इथल्या राजकारणाचा कायमचा विषय असण्याचं कारण हेच. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाट पोचत नाही, तिथलं गणित अजून ओलीवर चालतं. सप्टेंबरात पडलेला पाऊस काळ्या जमिनीने पोटात साठवायचा आणि पुढचे चार महिने पीक त्या साठ्यावर काढायचं. नंतर पाऊस येणार नाही हे गृहीत धरूनच हे पीक घेतलं जातं. जगात फार थोडी पिकं अशी पेरली जातात, की पेरणी झाल्यावर पाऊस आला नाही तरी चालतं.

म्हणून पेरणीचा दिवस महत्त्वाचा. शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे, पण खरा निर्णय वाफशावर. पाऊस उघडून तीन-चार दिवस झाले की शेतकरी रानात उतरतो, वीतभर खालची माती मुठीत दाबतो आणि गोळा खाली टाकतो. गोळा तसाच राहिला तर अजून ओल जास्त, पाभर चिखलात रुतणार. गोळा बांधलाच गेला नाही तर उशीर झाला. पडल्यावर तो अलगद फुटला, की वाफसा. उगवतीचं कोरडं वारं सुटलेलं असेल, तर हा वाफसा हलक्या रानात दोन दिवसही टिकत नाही. मग एकाच वेळी सगळ्या गावाला पाभर हवी असते, ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही आणि ज्याच्या दावणीला अजून बैल आहेत त्याचा भाव वधारतो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, हेक्टरी दहा किलो बियाणं. बी ओलीत पडलं पाहिजे, त्यामुळे फण खोल लावायचा. वरचा दोन बोटं थर सुकला तरी चालतो. १५ ऑक्टोबर उलटून गेला तर उत्पादन घटतं आणि खोडमाशी कोवळ्या पोंग्यात शिरून रोपं मारते.

बियाण्यात राज्य मालदांडीचं. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं 'मालदांडी ३५-१' हे वाण नव्वद वर्षं होत आली तरी शेतातून हललेलं नाही, हा कृषिसंशोधनातला एक चमत्कारच म्हणायचा. नगर जिल्ह्यातल्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं दिली, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि ती रुजलीही. पण भाकरीचा आणि कडब्याचा विषय निघाला की म्हातारी माणसं मालदांडीवरच येतात. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कर्जतची ज्वारी काही तिच्याहून फार दूरची नातेवाईक नाही, मात्र तिचं नाव करायला कुणी बसलं नाही.

या कोरड्या शेतीचा शास्त्रशुद्ध अभ्यासही याच पट्ट्यात सुरू झाला. पुण्याजवळ मांजरीला १९२३मध्ये आणि पुढे सोलापूरला १९३३मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन हाती घेतलं गेलं. एन. व्ही. कानिटकरांनी भारतातल्या कोरडवाहू शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९४४चा. बांध घाला, खोल नांगरा, ओळींत अंतर ठेवा, वारंवार कोळपा, अशी ती शिकवण. यातलं कोळपणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक. काळी जमीन वाळताना फाटते. ऑक्टोबरच्या कोरड्या वाऱ्यात या भेगा आठवड्यागणिक रुंदावतात आणि वाऱ्याला खालपर्यंत वाट मिळते. मग खोलवरची ओलही उडून जाते. कोळपं फिरवलं की वरची माती मोकळी होऊन भेगा बुजतात. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं कृषी खात्याचे कर्मचारीही सांगतात आणि आजोबाही. दोघांचं एकमत होणाऱ्या गोष्टी थोड्या, त्यांतली ही एक. ती चुकली, तर पुढे दाणा भरताना ज्वारीला खडखड्या रोग लागतो आणि ताटं आतून पोकळ होऊन कोलमडतात.

नेमक्या याच धांदलीत नवरात्र येतं. तालुक्यातल्या राशीनची जगदंबा, म्हणजे यमाई, साऱ्या पंचक्रोशीचं दैवत. देवळाच्या हलत्या दीपमाळेची ख्याती लांबवर आहे. घटस्थापनेला घरोघर पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातली काळी माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात आणि रोज एक माळ सोडतात. माळेला कारळ्याची पिवळी फुलं लागतात. तीही याच दिवसांत रानात बहरलेली असतात. नऊ दिवसांत धान वीतभर वर येतं. घरात ठेवलेल्या बियाण्याची उगवण किती, याची ही चाचणीच. प्रयोगशाळेत शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून जे करतात, ते इथे देवीसमोर होतं. धान दाट उगवलं की घरच्या बाईच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, त्याला भक्तीइतकंच बियाण्याच्या पिशवीचंही कारण असतं. दसऱ्याला पुरुष हे धान टोपीत, फेट्यात खोवून शिलंगणाला जातात.

वाऱ्याचं आणखी एक काम होतं, ते आता यंत्राने काढून घेतलंय. बाजरीची खळी याच सुमाराला व्हायची. शेण-मातीने सारवलेलं खळं, मध्ये तिवडा, भोवती बैलांची पात. मळून झालेलं मदन उपणायला मात्र वारा हवा. आणि ऑक्टोबरात नेमकं वारं पडलेलं. मावळतीचं संपलं, उगवतीचं अजून धरलं नाही, अशा मधल्या दिवसांत माणसं खळ्यावर भाकरी बांधून वाऱ्याची वाट बघत बसायची. दुपारी चारनंतर किंवा पहाटे झुळूक यायची. उपणणारा वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, चढून उभा राहायचा, खालचा पाटी भरून वर द्यायचा. पाटी कलती धरून, हलवत, धार सोडायची. दाणा सरळ खाली, भुसकट पलीकडे, आणि हलका, किडका दाणा मधल्या पट्ट्यात. धार किती उंचीवरून आणि किती जाड सोडायची, हे वाऱ्याच्या जोराप्रमाणे बदलायचं. वारं अचानक फिरलं तर भुसकट राशीवर परत, आणि उपणणाऱ्याच्या डोळ्यांतही. खाली बसलेली बाई केरसुणीने राशीवरची काडी हळुवार झाडत राहायची. आता मळणी यंत्र येतं, स्वतःचा वारा स्वतःच तयार करतं आणि दोन तासांत पोती शिवून निघून जातं. अंग मोडणारं काम गेलं याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. मात्र वारा कधी उठणार हे अंगावरच्या लवेवरून सांगणारी पिढीही त्याच्याबरोबर गेली. वावड्या कुठे माळ्यावर, कुठे चुलीत.

तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८०मधलं. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी शिवाराएवढं. पण ऑक्टोबरच्या पहाटे इथल्या गवतात उभं राहिलं की वारं फिरल्याची खूण पायांना टोचते. कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याचं एक बी हातात घेऊन पाहावं. टोकाला सुईसारखी अणकुची, तिच्यावर मागे वळलेले राठ केस आणि वर पिळलेली लांब काळसर शेपटी. ओल मिळाली की ही शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. पहाटे दहिवर आणि दुपारी कोरडं वारं, असं रोज उलटसुलट चाललं की शेपटी फिरत राहते आणि बी गिरमिटासारखं जमिनीत घुसतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. म्हणजे दिवस-रात्रीच्या ज्या फरकाने माणूस सर्दीने बेजार होतो, त्याच फरकावर हे गवत आपली पेरणी उरकतं. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि तिथून कातडीत घुसतं, म्हणून मेंढपाळ या दिवसांत असल्या कुरणातून कळप सांभाळून नेतो.

काळविटांचे नर या दिवसांत रंगाने चांगले काळे झालेले असतात. पावसाळ्यानंतरचा हा त्यांच्या माजाचा एक काळ. शिंगं पाठीवर टाकून, मान वर करून आपापल्या टापूत मिरवणं आणि शेजारच्याशी झोंबणं चालतं. आणि ऑक्टोबरातच गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत जाणारे पक्षी दिसू लागतात. हे भोवत्ये. कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांत उन्हाळा काढून ते दख्खनच्या माळांवर थंडीला येतात, टोळ-नाकतोडे खातात आणि रात्री गवतातच जमिनीवर एकत्र बसतात. शेतकऱ्याला त्यांचं नाव ठाऊक असेलच असं नाही, पण नाकतोडे खाणारा पाहुणा त्याच्या फायद्याचाच.

माळढोकाचं नाव मात्र काढल्याशिवाय राहवत नाही. १९७९मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं, त्यात कर्जतही होतं. गावंच्या गावं अभयारण्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळ नांगरून झाले होते आणि माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. जो पक्षी उघड्या गवतावर, वारा चारही बाजूंनी येईल अशा जागी अंडं घालतो, त्याला उसाच्या फडात जागा नाही.

ऑक्टोबरच्या याच दिवसांत हवेत उंचावर, पाऊस येण्याआधी आणि गेल्यावर, पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. पँटाला फ्लॅव्हेसन्स ही ती जात. पावसाच्या डबक्यात वाढते, डबकं आटायच्या आत पंख फुटतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं, की गोडं पाणी जवळपास नसलेल्या त्या बेटांवर दर ऑक्टोबरात हे चतुर लाखांनी उतरतात. २००९मध्ये त्यांनी मांडलं, की हे किडे भारतातून ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीव, सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात, आणि पुढच्या पिढ्या उलट्या वाऱ्यावर परत येतात. कर्जतच्या तुरीवर घिरट्या घालणारे चतुर त्याच वाटेचे असतीलच असं नाही. पण जात तीच आणि वारंही तेच.

लिंबाच्या बागवाल्याचं या वाऱ्याशी वेगळंच भांडण. श्रीगोंदा-कर्जतचा पट्टा कागदी लिंबाचा. लिंबाला भाव मिळतो एप्रिल-मेमध्ये. २०२२च्या एप्रिलमध्ये शहरात किलोला दोनशे रुपयांच्या पुढे गेला होता. उन्हाळ्यात फळ हवं तर झाडाला फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात आणावं लागतं. हा हस्त बहार. फूल येण्यासाठी झाडाला आधी पाण्याचा ताण द्यायचा, आणि ताण द्यायच्या नेमक्या वेळी हत्ती बरसत असतो. निसर्गाने मुद्दाम आखल्यासारखी ही अडचण. त्यावर राहुरीची शिफारस अशी, की जूनमध्ये जिबरेलिक ॲसिडची फवारणी करून पावसाळी फूल थोपवायचं, सप्टेंबरात सायकोसेलने पालवी रोखायची आणि ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट देऊन फूल काढायचं. एवढं करूनही शेवटचा शब्द वाऱ्याचा. उगवतीचं कोरडं वारं वेळेवर सुटलं, तर ताण आपसूक बसतो. ते पंधरा दिवस लांबलं, तर झाड पालवीच काढत राहतं आणि उन्हाळ्यातला भाव शेजाऱ्याच्या बागेत जातो.

लांबण्याचे प्रकार अलीकडे वाढलेत, ही तक्रार पारावरची नाही. २०१९मध्ये मोसमी पावसाची माघार राजस्थानातूनच ९ ऑक्टोबरला सुरू झाली, इतका उशीर नोंदींत कधी नव्हता. त्याच महिन्याच्या शेवटी अरबी समुद्रातल्या 'क्यार' चक्रीवादळाच्या दिवसांत महाराष्ट्रभर उभी आणि काढलेली पिकं भिजली. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा दख्खन आडवा ओलांडून गेला आणि सोलापूर, पंढरपुरात पूर आले. २०२५च्या सप्टेंबरात सीनेने पात्र सोडलं, खालच्या करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांत गावं पाण्यात गेली. एरवी उन्हाळ्यात वाळूच्या लिलावापुरती उरणारी ही नदी. अशा वर्षी काळ्या रानाला महिनाभर वाफसाच येत नाही. ज्वारीची वेळ निघून जाते आणि तिथे गहू किंवा हरभरा टाकावा लागतो. हरभऱ्याला भाव बरा असतो, पण कडबा मिळत नाही, आणि कडब्यावाचून दावणीची जनावरं पुढच्या जूनपर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न उरतो. चारा छावण्यांचे दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. १९७२च्या दुष्काळातली सुकडी खाल्लेली माणसं अजून आहेत.

थंडीची चाहूल लागली की माणसंही हलू लागतात. पठारावरचे मेंढपाळ दिवाळीच्या मागेपुढे बिऱ्हाड घोड्यावर लादून पश्चिमेकडे, कोकणाच्या वाटेला लागतात, तिकडच्या भातखाचरांत मेंढरं बसवायला. वाटेत ज्याच्या रानात वाडा उतरेल, त्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. आणि दसऱ्यानंतर वस्त्या-तांड्यांवर मुकादम फिरू लागतात. कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि पलीकडचा बीड जिल्हा हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुलूख. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यातच बरीचशी खर्चूनही झालेली. गाळप कधी सुरू करायचं ते मंत्रिसमिती ठरवते, आणि पाऊस लांबला, फडात गाडी जाण्याजोगी वाट झाली नाही, तर तारीख पुढे जाते. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, या तारखेवरच घरची कामं लावायची असतात. ज्वारी पेरून महिना झालेला असतो, रोपं गुडघ्याएवढी. टोळीचा ट्रॅक्टर दारात यायच्या आत पहिली कोळपणी झाली तर बरं, नाही तर ते काम घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर आणि शाळेतून चारला सुटणाऱ्या पोरांवर. दुसरी कोळपणी तशीही त्यांच्याच वाट्याची.